दहिसर नाक्यापलीकडचा प्राप्तिकर

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. त्यात दहिसरचा नाकाही होता. मीरा रोड-भाईंदरहून गाडीने मुंबईत ये-जा करणाऱ्यांचा रोजचा एक जाच संपला. त्याच नाक्यावरची दुसरी सीमा मात्र अजून शाबूत आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पगाराच्या हिशेबात दिसते. घरभाडे भत्त्यावर प्राप्तिकराची सूट मोजताना दहिसरला राहणाऱ्याला मूळ पगाराच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा लागते आणि मीरा रोडला राहणाऱ्याला चाळीस टक्क्यांची. दोघे एकाच लोकलने एकाच कचेरीत जात असले, दोघांचा पगार आणि घरभाडे सारखेच असले, तरीही.

प्राप्तिकराविषयी सामान्य माणसाला पडणारे प्रश्न आज कुठे येऊन थांबले आहेत, हे पाहायला मीरा-भाईंदर हे चांगले ठिकाण आहे. २८ फेब्रुवारी २००२ रोजी इथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर होती. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, खाडीकडेला मिठागरे, राई-मुर्ध्याकडे जुनी गावठाणे, उत्तनला कोळीवाडे, आणि या सगळ्यांच्या मधे हजारो फ्लॅट. त्यांतले काही भाड्याचे, काही कर्जाचे, काही आता पुनर्विकासाला निघालेले. भाडे, हप्ता, टीडीएस, फ्लॅटची विक्री, म्हाताऱ्या आईवडिलांचे मुदत ठेवींचे व्याज असे घरगुती कराचे जवळपास सगळे प्रश्न या एका शहरात भेटतात.

आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून देशात प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. ‘आकारणी वर्ष’ हा गोंधळात टाकणारा शब्द जाऊन ‘करवर्ष’ आले, कलमांचे क्रमांक बदलले. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचे आहे. लोकांच्या तोंडी अजून ८०सी आणि ८७ए हेच क्रमांक आहेत. म्हणून इथले क्रमांक आणि आकडे जुन्या कायद्याचे, २०२५-२६ चे आहेत.

सवलत द्यायची कशी, हा जुना वाद

भारतात प्राप्तिकर आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन यांनी तो आणला. पुढे १९२२ चा कायदा झाला, मग १९६१ चा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याच्या हातात राहत. १९७४ च्या अर्थसंकल्पात हा दर ७७ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते. दर इतके चढे असताना लोकांचा सगळा जीव सवलतींवर असे, आणि सरकारलाही त्या सवलतींतून बचत वळवता येई. विमा, भविष्यनिर्वाह निधी, पोस्टाची प्रमाणपत्रे यांची सवय मध्यमवर्गाला लागली त्यात प्राप्तिकराचा मोठा वाटा आहे.

पुढचा खरा वाद दरांचा नव्हता, सवलत कुठल्या रूपात द्यायची याचा होता. १९९० मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री होते. त्यांनी करमुक्त मर्यादा १८,००० वरून २२,००० रुपयांवर नेली आणि बचतीवरची वजावट काढून तिच्या जागी कलम ८८ ची सवलत आणली. वजावट उत्पन्नातून होते, त्यामुळे ज्याचा कराचा दर जास्त त्याचा फायदा जास्त. कलम ८८ मध्ये गुंतवलेल्या रकमेच्या वीस टक्के इतकी रक्कम थेट करातून कमी होई, मग करदाता कुठल्याही टप्प्यातला असो. आजच्या आकड्यांत हा फरक असा दिसतो: जुन्या पद्धतीत दीड लाख रुपये गुंतवले तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकर धरून ४६,८०० रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ३१,२००. बचत दोघांची सारखी, पण सरकारचा हातभार श्रीमंताला दीडपट.

२००२ मध्ये कलम ८८ ची सवलत उत्पन्नानुसार कमी-जास्त करण्यात आली. २००५ च्या अर्थसंकल्पात ते कलमच गेले आणि एक लाखाच्या मर्यादेसह बचतीवरची वजावट ८०सी या कलमात परतली. २०१४ मध्ये ही मर्यादा दीड लाख झाली. तिथेच ती आजही आहे.

२००२ च्याच सुमाराला तिसरा विचार पुढे आला होता. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने २००२ मध्ये सुचवले की करमुक्त मर्यादा एक लाखावर न्यावी, दर दोनच ठेवावेत, आणि बहुतेक सवलती, गृहकर्जाच्या व्याजावरचीसुद्धा, काढून टाकाव्यात. तेव्हा मोठी ओरड झाली आणि शिफारस जशीच्या तशी कुणी स्वीकारली नाही. अठरा वर्षांनी, २०२० च्या अर्थसंकल्पात, ‘नवी करपद्धत’ या नावाने तोच विचार ऐच्छिक म्हणून आला. २०२३ मध्ये ती मूळ पद्धत झाली आणि जुनी मागून घ्यावी लागू लागली. आकारणी वर्ष २०२४-२५ साठी ३१ जुलै २०२४ पर्यंत आलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी ५.२७ कोटी नव्या पद्धतीची होती.

दर मोठे ठेवून सवलती द्या, सवलत करातून सर्वांना सारखी द्या, किंवा सवलती काढून दर उतरवा: हे तीनही पक्ष आजच्या चर्चेत जिवंत आहेत. पुढच्या प्रत्येक प्रश्नामागे यांतलाच कुठला तरी पक्ष उभा असतो.

नवी की जुनी

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. मग दर चार लाखांना ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांपुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत रिबेट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट असल्याने त्याची शून्य कराची रेषा १२ लाख ७५ हजारांवर जाते. रेषेच्या थोडे पुढे गेलेल्यांसाठी सीमांत सवलत आहे. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण उपकराआधी १० हजारच भरावे लागतात. ‘एक रुपया जास्त मिळाला म्हणून साठ हजार गेले’ ही भीती त्यामुळे खरी नाही.

जुन्या पद्धतीत अडीच लाख करमुक्त (साठीनंतर तीन, ऐंशीनंतर पाच), मग ५, २० आणि दहा लाखांपुढे ३० टक्के. प्रमाणित वजावट ५०,००० ची. पण ८०सी, वैद्यकीय विम्याची ८०डी, घरभाडे, राहत्या घराच्या गृहकर्जाचे दोन लाखांपर्यंतचे व्याज आणि राज्याचा वर्षाला २,५०० रुपयांचा व्यवसाय करही वजा होतो.

वर्षाला १५ लाख पगाराचा माणूस घ्या. नव्या पद्धतीत उपकरासह त्याचा कर ९७,५०० रुपये. मीरा रोडला त्याने कर्जावर फ्लॅट घेतला आहे, व्याजाचे पुरे दोन लाख, ८०सीचे दीड लाख आणि ८०डीचे २५,००० तो दाखवतो, व्यवसाय करही धरतो. तरी जुन्या पद्धतीत त्याचा कर १,३९,६२० येतो, म्हणजे ४२,१२० रुपये जास्त. दोन्ही पद्धती बरोबरीला यायला त्याला प्रमाणित वजावटीखेरीज ५,४३,७५० रुपयांच्या वजावटी लागतील. २४ लाख पगाराला हाच आकडा ७,८७,५०० होतो. एवढ्या वजावटी सहसा त्यालाच जमतात जो मोठे भाडे भरतो, त्याच वेळी हप्ताही फेडतो आणि ज्येष्ठ आईवडिलांचा विमाही उतरवतो. बाकीच्यांसाठी गणिताचा कौल नवीकडे आहे, याबद्दल आता फारसे दुमत राहिलेले नाही.

दुमत आहे ते परिणामांबद्दल. नव्या पद्धतीचे समर्थक म्हणतात, करासाठी म्हणून घेतलेल्या नको त्या विमा पॉलिसी आणि मार्च महिन्यातली कागदांची धावपळ थांबली, माणूस स्वतःच्या गरजेप्रमाणे पैसा वापरू लागला. सवलतींचा गैरवापर हेही त्यांच्या बाजूचे प्रमाण आहे. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. दुसरी बाजू म्हणते, खासगी नोकरदाराला पुरेसे निवृत्तिवेतन नसलेल्या देशात सक्तीची वाटणारी बचतच म्हातारपणी उपयोगी पडते, आणि ८०सी नसती तर अनेक घरांत पीपीएफचे खाते उघडलेच गेले नसते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पगार कमी आणि नोकरी कच्ची असलेल्या घरासाठी मला दुसऱ्या बाजूची चिंता अधिक खरी वाटते. पण तिच्यावर ८०सी हा उपाय अपुराच होता, कारण त्या घराचा कर आधीच शून्याजवळ असतो आणि वजावटीचा त्याला लाभच होत नाही.

भाडे

आता पुन्हा नाक्यावर. घरभाडे भत्त्यावरची सूट फक्त जुन्या पद्धतीत आहे. तीन रकमांपैकी सर्वांत कमी रक्कम करमुक्त होते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि पगाराचे पन्नास किंवा चाळीस टक्के. पगार म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्ता. १९६२ च्या नियमावलीतला २ए हा नियम पन्नास टक्के देतो तो घर मुंबई, कोलकाता, दिल्ली किंवा चेन्नईत असेल तर. कचेरी कुठे आहे हे बघितले जात नाही.

पगार महिना ५०,०००, भत्ता २५,००० आणि भाडे ३०,००० धरू. दहिसरला पुरे २५,००० करमुक्त, मीरा रोडला २०,०००. वर्षाला ६०,००० रुपयांवर जास्तीचा कर, वीस टक्क्यांच्या टप्प्यात १२,४८०, तीसच्या टप्प्यात १८,७२०. भाडे कमी असेल तर मात्र दुसरी रक्कमच सर्वांत लहान ठरते आणि पन्नास-चाळीसचा फरक उरत नाही. २५,००० भाड्याला दोन्हीकडे २०,००० च येतात. आपले नुकसान होते की नाही हे आधी असे मोजून पाहावे.

नियमातली ‘मुंबई’ कुठे संपते? व्यवहारात उत्तर असे की बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत, म्हणजे दहिसरला. पण जनगणनेच्या लेखी मीरा-भाईंदर, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली ही सारी बृहन्मुंबई नागरी समूहाचा भाग आहेत. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना घरभाडे भत्ता देताना शहरांचे वर्ग करते, त्यातही सर्वांत वरच्या ‘एक्स’ वर्गात हा अख्खा नागरी समूह आहे. एकच सरकार भत्ता देताना मीरा रोडला मुंबई समजते आणि त्या भत्त्यावर कर मोजताना समजत नाही. याला महसुलाखेरीज दुसरे समर्थन दिसत नाही.

बाकीचे प्रश्न पुराव्याचे आहेत. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. इथल्या वन बीएचकेचे भाडेही ती रेषा सहज ओलांडते. पॅन द्यायला नाखूश मालक आणि त्यामुळे सूट गमावणारा भाडेकरू ही तक्रार जुनी आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे, ती जबाबदारी मालकाची. आईवडिलांना भाडे देता येते का? येते, घर त्यांच्या नावावर असेल, पैसे खरेच त्यांच्या खात्यात जात असतील आणि ते उत्पन्न त्यांच्या विवरणपत्रात दिसत असेल तर. २०१७ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने आईला रोखीने भाडे दिल्याचा एक दावा पुराव्याअभावी फेटाळला, तो याच कारणाने. पत्नीला दिलेल्या भाड्याबाबत निकाल दोन्हीकडचे आहेत.

ज्याला घरभाडे भत्ताच मिळत नाही, अशा कारखान्यातल्या कामगाराला किंवा छोट्या दुकानदाराला ८०जीजी खाली महिना पाच हजारांपर्यंतच वजावट आहे. एवढ्या पैशांत मीरा-भाईंदरला घर मिळत नाही.

हप्ता, विक्री, पुनर्विकास

पती-पत्नी दोघे सहमालक आणि सहकर्जदार असतील, दोघेही जुन्या पद्धतीत असतील, तर प्रत्येकाला दोन लाखांपर्यंत व्याज वजा करता येते. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला काहीच नाही. भाड्याने दिलेल्या घराचे व्याज भाड्यातून वजा होते, पण त्यातून आलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून आधी महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर आणि मग उरलेल्याचे तीस टक्के दोन्ही पद्धतींत वजा होतात. अनेक मालक मालमत्ता कराची पावती जपत नाहीत आणि ही वजावट हातची घालवतात.

रखडलेल्या इमारतीत पैसे अडकलेल्यांची स्थिती सर्वांत कठीण आहे. कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले नाही, तर दोन लाखांची मर्यादा ३०,००० वर घसरते. ताबा मिळेपर्यंतचे व्याज त्यानंतर पाच समान हप्त्यांत वजा करायचे असते, तेही याच मर्यादेत. विलंब बिल्डरचा, भुर्दंड कर्जदाराला. ही तरतूद बदलायला हवी असे मला स्पष्टपणे वाटते.

फ्लॅट विकताना २३ जुलै २०२४ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर महागाईचा निर्देशांक न लावता १२.५ टक्के कर आहे. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांक लावून २० टक्के हा पर्यायही मोकळा आहे, दोन्हींपैकी जो कमी येईल तो. २००५-०६ मध्ये दहा लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये साठ लाखांना विकला, तर नव्या रीतीने कर सव्वासहा लाख होतो. निर्देशांक (११७ वरून ३७६) लावला तर सुमारे ५ लाख ५७ हजार. भाव झपाट्याने वाढले तिथे १२.५ टक्के बरा, सावकाश वाढले तिथे निर्देशांक. आणि नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर कलम ५४ खाली, नव्या पद्धतीतही, कर वाचतो. विक्रीची किंमत पन्नास लाख किंवा जास्त असली की खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. ते विसरलेल्या खरेदीदारांना नंतर नोटिसा येतात.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्या आहेत. बिल्डर महिन्याला देतो ते पर्यायी घराचे भाडे उत्पन्न धरायचे का, हा त्यातून आलेला प्रश्न. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की हे भाडे म्हणजे विस्थापनाच्या त्रासाची भरपाई आहे, महसुली उत्पन्न नव्हे, आणि त्यावर टीडीएस नको. जुन्या फ्लॅटच्या बदल्यात मिळालेला नवा फ्लॅट ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र नाही, असे न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २०२५ मध्ये ठरवले. ही दिशा रहिवाशांच्या बाजूची आहे. पण कायद्यात ती शब्दांत उतरलेली नाही, म्हणून सोसायटीच्या सभांत हा विषय पुन:पुन्हा निघतो. पैसे घेऊन भाड्याच्या घरात न जाता नातेवाइकांकडे राहिले तर काय, हा उपप्रश्नही अजून वादाचाच आहे.

रिबेट, टीडीएस आणि थकबाकी

अमेरिकेत १९७५ पासून कमावत्या गरीब कुटुंबाला असे क्रेडिट मिळते की कर शून्य झाल्यावर उरलेली रक्कम सरकार रोख देते. आपला ८७ए तसा नाही. तो कर शून्यापर्यंतच आणतो. त्यातही २०२४ च्या जुलैपासून एक मोठा वाद झाला. ५ जुलै २०२४ ला खात्याने विवरणपत्राच्या संगणकीय प्रणालीत बदल केला आणि शेअरवरच्या अल्पमुदतीच्या नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नावर रिबेट मिळेनासा झाला. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २४ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की करदात्याला निदान दावा करता आला पाहिजे, प्रणालीनेच त्याचा हात धरता कामा नये. दावा बरोबर की चूक यात न्यायालय गेले नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने पुढच्या काळापुरते ठरवून टाकले: आकारणी वर्ष २०२६-२७ पासून नव्या पद्धतीत अशा उत्पन्नावर रिबेट नाही. आधीच्या दोन वर्षांचे काय, हा प्रश्न अपिलांत आहे. दहा लाख पगार आहे, थोडे शेअर विकले, मग कर कसा आला, असे यंदा ज्यांना वाटेल त्यांचे उत्तर इथे आहे.

टीडीएस हा वेगळा कर नव्हे, आपल्या करापोटी आधी जमा झालेली रक्कम आहे. २६एएस आणि वार्षिक माहिती विवरणात ती दिसते. छोट्या आस्थापनांत काम करणाऱ्यांची तक्रार असते की पगारातून टीडीएस कापला, पण भरला नाही. कलम २०५ सांगते की कापलेल्या रकमेपुरती मागणी कर्मचाऱ्याकडे करता येत नाही. तरी नोटीस येते, आणि पगारपत्रके व बँकेचा उतारा घेऊन झगडावे लागते. कायद्याचे संरक्षण आहे, ते मिळवण्याचा खर्चही आहे.

ज्येष्ठांसाठी एप्रिल २०२५ पासून बँकेच्या व्याजावरचा टीडीएस वर्षाला एक लाखापर्यंत लागत नाही, इतरांना ही मर्यादा ५०,०००. त्यापुढे १५एच हा फॉर्म दिला आणि एकूण कर शून्य असेल तर कपात टळते. टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले, हा समज मात्र सोडायला हवा.

पगाराची थकबाकी एकदम हाती आली की त्या वर्षीचा टप्पा चढतो. त्यासाठी कलम ८९ ची सवलत आहे: रक्कम ज्या वर्षांची, त्या वर्षांत मोजून फरक वजा करायचा. दोन्ही पद्धतींत ती मिळते, पण विवरणपत्राआधी १०ई हा फॉर्म ऑनलाइन भरला तरच. शिक्षक, महापालिका कर्मचारी यांनी हे लक्षात ठेवावे.

मिठागर, होडी, वाडी

शहराच्या मूळ व्यवसायांबद्दल कायद्याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, मग समुद्राच्या पाण्यावर पिकवलेले मीठ? मिठाला आपण ‘पिकवणे’ म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने ती शेती नव्हे, ते उत्पन्न करपात्र. मासेमारीचेही तसेच. उत्तनच्या होडीमालकाला ४४एडी खाली उलाढालीच्या आठ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरून हिशेबवह्यांशिवाय विवरणपत्र भरता येते. राई-मुर्ध्याच्या वाडीतली भाजी करमुक्त. पण महापालिका हद्दीतली तीच जमीन विकली की भांडवली नफ्याचा कर लागतो, कारण शहरातली शेतजमीन कायदा शेतजमीन म्हणून सोडत नाही.

एक घर, दोन करदाते

भारतात कर व्यक्तीवर आहे, कुटुंबावर नाही. घरात एकच कमावता असेल आणि त्याचा पगार २४ लाख, तर नव्या पद्धतीत कर २,९२,५००. तेच २४ लाख दोघांनी बारा-बारा करून कमावले तर कर शून्य. अमेरिकेत, जर्मनीत पती-पत्नींना एकत्र विवरणपत्र भरता येते. सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी तशी सूचना केली होती. तिच्या विरोधातला मुद्दाही वजनदार आहे: एकत्र मोजणीत दुसऱ्या कमावणाऱ्याच्या, बहुधा स्त्रीच्या, पहिल्या रुपयावरच वरचा दर लागतो आणि तिची नोकरी परवडेनाशी होते. शिवाय मीरा-भाईंदरसारख्या मिश्र वस्तीच्या शहरात आणखी एक फरक उघड दिसतो. हिंदू अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता हिंदू, जैन, शीख, बौद्ध कुटुंबांना उपलब्ध आहे, मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना नाही. ८७ए चा रिबेट अविभक्त कुटुंबाला मिळत नसल्याने नव्या पद्धतीत त्याचा लाभ आटला आहे, पण प्रश्न तत्त्वाचा आहे आणि तो बाजूला पडला आहे.

घरातले कुणी आखातात नोकरीला असेल तर त्याने पाठवलेले पैसे आईवडिलांच्या हाती करमुक्त असतात. तो अनिवासी असेल तोवर तिथला पगारही इथे करपात्र नाही. त्या पैशांवर इथे मिळणारे व्याज कोणाच्या नावावर आहे, तेवढे पाहावे.

काय बाकी आहे

दंडवत्यांनी १९९० मध्ये विचारलेला प्रश्न, सवलत उत्पन्नातून की करातून, सुटला नाही. नव्या पद्धतीत सवलतीच जवळपास उरल्या नाहीत म्हणून तो फक्त मागे पडला. जुनी पद्धत किती वर्षे चालणार, हे कुठल्याच सरकारने सांगितलेले नाही. २०२५ च्या कायद्यात ती आहे, पण ८०सीसारख्या तिच्या मुख्य मर्यादा २०१४ पासून हललेल्या नाहीत, आणि २०२५-२६ च्या हिशेबातही मुलांच्या शिक्षण भत्त्यावरची सूट महिन्याला मुलामागे शंभर रुपयेच होती. गोठवलेल्या मर्यादा हे जुनी पद्धत न सांगता बंद करण्यासारखेच आहे, असे तिचे समर्थक म्हणतात. ते नाकारणे अवघड आहे. टप्पे महागाईशी आपोआप जोडावेत ही मागणीही अनुत्तरित आहे.

मुंबई कुठे संपते याचे उत्तर मात्र कठीण नाही. जनगणनेने आखलेला नागरी समूह केंद्र सरकार भत्त्यासाठी मानते, तोच करासाठी मानावा. या समूहाबाहेरच्या वसई-विरारचा प्रश्न मग वेगळा उरेल, पण दहिसर आणि मीरा रोडमधला फरक मिटेल.

तोवर एवढे ध्यानात असावे: पगारदाराने वर्षाच्या सुरुवातीला कंपनीला कुठलीही पद्धत कळवली असली, तरी विवरणपत्र भरताना ती बदलता येते. विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर पाच हजारांपर्यंत शुल्क लागते, आणि त्या वर्षापुरती जुनी पद्धत मिळत नाही.